मंडळी, मंदिर आणि येणाऱ्या पिढ्या

ख्रिस्ती उपासनास्थळाला मराठीने जितकी नावे दिली, तितकी बाहेरून आलेल्या दुसऱ्या एखाद्या वास्तूला क्वचितच दिली असतील. गोव्याकडून पोर्तुगीज वळणाची ‘इगर्जी’ आली. वसईच्या जुन्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ‘देऊळ’ हाच शब्द सहज येतो आणि तो ऐकून बाहेरचा माणूस क्षणभर गोंधळतो. नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरांतून ‘मंदिर’, ‘ख्रिस्तमंदिर’, ‘उपासनामंदिर’ असे शब्द रुळले. शहरांत अर्थातच ‘चर्च’. पण या साऱ्या शब्दांपेक्षा आम्हांला अधिक अर्थपूर्ण वाटतो तो एक वेगळाच शब्द. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी मूळ ग्रीकमधील ‘एक्लेसिया’साठी ‘मंडळी’ हा शब्द योजला. इंग्रजीत ‘चर्च’ म्हटले की माणसेही आली आणि भिंतीही आल्या. मराठीने मात्र भिंती एकीकडे ठेवल्या आणि माणसे दुसरीकडे. मंदिर बांधता येते. मंडळी जमावी लागते. आमच्या आजोबांच्या पिढीत ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ असे म्हणत, तेव्हा ‘मंडळी’ म्हणजे बायको. एवढा घरगुती, एवढा ऐसपैस शब्द त्या भाषांतरकारांना सुचला, याबद्दल वर्गात बोलण्याची संधी आम्ही सहसा सोडत नाही.

हे सारे पुन्हा मनात येण्याचे कारण म्हणजे आमच्या सुकापूरमधील एक मंडळी सध्या मंदिर बांधायला निघाली आहे.

सुकापूर हे नवीन पनवेलच्या कडेचे गाव. पाली देवद हे त्याचे कागदोपत्री नाव. गाव म्हणावे तर भाताची खाचरे उरलेली नाहीत. शहर म्हणावे तर माथेरानच्या रस्त्यावरून अजून बैल येतात. आम्ही दोघे येथे राहायला आलो तेव्हा गॅलरीतून माथेरानचा डोंगर पुरता दिसे. आता दोन इमारतींच्या फटीतून जेवढा मिळतो तेवढ्यावर समाधान. २०२५च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून येथील जमिनीचे भाव विमानासारखे वर गेले होते. अशा ठिकाणी साठ-सत्तर कुटुंबांची एक मराठी ख्रिस्ती मंडळी एका दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये रविवारची उपासना करते. बहुतेक घरे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना, सोलापूर या भागांतून नोकरीनिमित्त आलेली. आम्ही त्या मंडळीचे सभासद नाही. पण आमच्या इमारतीत राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई तिच्या कमिटीवर आहेत. सारी इमारत त्यांना ‘बाई’ म्हणते, आम्हीही म्हणतो. मराठी शिकवणारे दोघे शेजारी आयते मिळालेले. तेव्हा निधीसंकलनाच्या पत्रकाचा मसुदा आमच्याकडे येणे ओघानेच आले.

“सर, मॅडम, शुद्धलेखन तेवढं बघा,” असे बाई म्हणाल्या, आणि लगेच पुढे, “मजकूर कमिटीनं ठरवलाय.” म्हणजे त्याला हात लावायचा नाही.

मसुद्यात मध्यभागी ठळक अक्षरांत एक ओळ होती: हे मंदिर आपल्यासाठी नसून येणाऱ्या पिढ्यांतील विश्वासणाऱ्यांसाठी आहे. ‘विश्वासणारे’ हा खास मराठी प्रॉटेस्टंट शब्द. तो आम्हांला आवडतो. अडखळलो ते ‘येणाऱ्या पिढ्या’पाशी. हा शब्दप्रयोग मराठीत फार स्वस्त झाला आहे. धरणाच्या कोनशिलेवर तो असतो, बिल्डरच्या फलकावर असतो, विद्यापीठाच्या अहवालातही असतो. आम्ही बाईंना विचारले की ‘आपल्यासाठी नसून’ असे कशाला? मंदिर आपल्यालाही हवेच आहे ना? त्यावर बाईंनी हवे असण्याची कारणे भराभर सांगितली. दर वर्षी हॉलचा करार वाढवून घ्यावा लागतो आणि मालक दर वेळी वेगळा चेहरा करून बसतो. नाताळच्या आदल्या रात्री गाणी म्हटली तर खालून तक्रार येते. जिना अरुंद आहे. गेल्या पावसाळ्यात मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ वारले, तेव्हा शवपेटी त्या जिन्यावरून नेता येईना म्हणून प्रार्थना खाली रस्त्यावर, छत्र्या धरून करावी लागली.

यातले एकही कारण पत्रकात नव्हते. तिथे फक्त येणाऱ्या पिढ्या होत्या.

यावर आम्ही बराच विचार केला. स्वतःसाठी मागताना आपल्याकडच्या माणसाची जीभ अडते, हे तर आहेच. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी मागून खाल्ले, मागायला लावले गेले, त्यांच्या नातवंडांची जरा अधिकच अडते. ग्रामीण महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांपैकी किती घरे महार-मांग वस्त्यांतून आली आहेत हे ठाऊक असलेल्याला हे वेगळे सांगायला नको. न जन्मलेल्या मुलांच्या नावाने हात पुढे करता येतो, त्यात लाज नाही. पण त्या मुलांना काय हवे असेल हे बांधणाऱ्याला कसे कळावे? आणि जी मुले येतील ती याच मंडळीची असतील, हे तरी कशावरून? हा प्रश्न आम्ही बाईंना विचारला नाही. तो आम्ही आपसांत विचारला, आणि मराठीच्या मास्तरांची खोड अशी की उत्तर शोधायला गेलो ते जुन्या गोष्टींत.

मुंबईच्या किनाऱ्यावर उपासनामंदिरासाठी निधी गोळा करण्याची जी जुनी हकिकत तपशिलासह सापडते, ती सेंट थॉमस चर्चची. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरने सतराव्या शतकाच्या सत्तरीत त्याचा पाया घातला. पैसा जमला, भिंती काही फूट वर आल्या, १६७७ साली ऑन्जिअर वारला आणि काम थांबले. जमलेल्या पैशांचे काय झाले याबद्दल तेव्हापासूनच कुजबुज होती. त्या अर्धवट भिंती जवळजवळ चाळीस वर्षे तशाच उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या कित्येक सांस्कृतिक भवनांची आठवण यावी अशीच ही कथा आहे. १७१४ साली रिचर्ड कॉब नावाचा तरुण धर्मोपदेशक मुंबईत आला. त्याने प्रवचनातून लोकांना टोचले, वर्गणीच्या याद्या केल्या, कंपनीच्या नोकरांकडून आणि व्यापाऱ्यांकडून पैसा मिळवला आणि १७१८च्या नाताळच्या दिवशी चर्च उपासनेसाठी खुले झाले. कॉबने पुढे म्हातारपणी, १७६६ साली, ही सारी हकिकत लंडनमध्ये छापून काढली.

त्या हकिकतीत एक माणूस आहे, त्याच्यापाशी आम्ही थांबतो. उद्घाटनाच्या दिवशी रामा कामाठी हा मुंबईतील मातब्बर शेणवी आपल्या जातभाईंसह आला होता आणि उपासना पाहत शेवटपर्यंत बाहेर उभा राहिला, असे कॉब सांगतो. हा रामा कामाठी कंपनीच्या शिपायांचा म्होरक्या. वाळकेश्वराचे देऊळ १७१५च्या सुमारास पुन्हा उभारले गेले त्यात त्याचा पैसा होता. म्हणजे एकाच बेटावर, दोन-तीन वर्षांच्या अंतराने, एक देऊळ आणि एक चर्च उभे राहत होते आणि एकाचा कर्ता दुसऱ्याच्या दाराशी कौतुकाने उभा होता. पुढे काय झाले? कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवून १७२० साली, नाताळच्या त्या उपासनेला हजर असलेल्या गव्हर्नर बूनच्याच कारकिर्दीत, रामा कामाठीला शिक्षा झाली. पुराव्यातील पत्र बनावट होते हे नंतर उघड झाले. कामाठी १७२८ साली कैदेतच मेला. कॉबही चर्च पुरे झाल्यावर फार काळ मुंबईत राहिला नाही. आणि कॉबने ज्या पिढ्यांसाठी एवढा आटापिटा केला त्यांचे म्हणाल, तर आज त्या चर्चचा वारसा सर्वांत अधिक कोण वापरतो? रोज संध्याकाळी चर्चगेटला गाडी पकडणारी माणसे. चर्चकडे जाणारा किल्ल्याचा तो दरवाजा १८६०च्या दशकात तटबंदीबरोबर पाडला गेला. नाव तेवढे उरले, ते स्टेशनाला चिकटले. विरारच्या गाडीत चौथ्या जागेसाठी भांडणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याला आपण रिचर्ड कॉबचे वारसदार आहोत हे आम्ही एकदा सांगून पाहिले. त्याला ते विशेष रुचले नाही.

हे मुंबईचे झाले, आणि राज्यकर्त्यांचे झाले. सुकापूरच्या मंडळीला तिच्या मापाचा दाखला हवा असेल तर इतके दूर जायची गरज नाही. रिक्षाने जुन्या पनवेलात गेले की बेथ एल हे बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर आहे. १८४९ साली बांधलेले. ते चर्च नव्हे, हे खरे. पण एका लहानशा मराठी भाषक समाजाने, स्वतःच्या ऐपतीवर, पुढच्यांसाठी म्हणून उभारलेली वास्तू या अर्थाने आम्हांला पनवेल परिसरात याहून जवळचा दाखला माहीत नाही.

बेने इस्रायल हे कोकणचे ज्यू. फुटलेल्या गलबतातून वाचलेले आपले पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जात. आडनावे गावांवरून: दिवेकर, केहीमकर, पेणकर, अष्टमकर, चेऊलकर. सणांची नावेही घरचीच होती, ‘नव्याचा सण’, ‘खिरीचा सण’. आपल्या प्रार्थनामंदिराला ते कित्येक वर्षे चक्क ‘मशीद’ म्हणत. मुंबईच्या मशीद स्टेशनाचे नाव १७९६ साली सॅम्युअल दिवेकरांनी मांडवीत बांधलेल्या त्यांच्या पहिल्या प्रार्थनामंदिरावरून पडले, असे काही जण मानतात. ‘देऊळ’ म्हणणारे वसईचे ख्रिस्ती आणि ‘मशीद’ म्हणणारे पनवेलचे ज्यू: आपल्या किनाऱ्यावरची मराठी शब्दांच्या मालकीहक्काबाबत फार काटेकोर नव्हती.

पनवेलचे हे मंदिर उभे राहिले त्यामागे एक गंमत आहे, आणि ती चर्चवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी बेने इस्रायलांसाठी शाळा काढल्या. जॉन विल्सनने १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. हेतू सरळ होता: आपला जुना करार मुळातून वाचता आला की ही माणसे नव्या करारापाशी येतील. झाले उलटे. हिब्रू शिकलेली पिढी आपल्या जुन्या धर्मात अधिक घट्ट बसली आणि किनाऱ्यावर एकामागून एक प्रार्थनामंदिरे उभी राहू लागली: रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३. मिशनच्या पैशाने चाललेल्या शाळांतून सिनेगॉगची मंडळी तयार झाली. मिशनऱ्यांनी पेरले ते उगवलेच नाही असे म्हणता येणार नाही. उगवले, फक्त दुसऱ्याच्या अंगणात.

याच दशकात, १८४६ साली, मुंबईत मराठी भाषांतरासह हागादा छापला गेला. पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरच्या घरी वाचायचे हे पुस्तक. ‘हागादा’ शब्दाचा अर्थच ‘सांगणे’. त्या रात्री घरातील धाकट्या मुलाने प्रश्न विचारायचे आणि वडीलधाऱ्यांनी मिसरमधून सुटकेची गोष्ट सांगायची. पुढच्या पिढीच्या हाती धर्म देण्याची याहून साधी आणि याहून चिवट योजना आम्हांला दुसरी माहीत नाही. १८७४ साली पुण्याला निघालेल्या मराठी हागाद्यात तर चित्रेही होती आणि चित्रांतील बायका नऊवारी नेसलेल्या. पुढे १८८०च्या दशकात त्यांच्यात मराठी कीर्तनेही सुरू झाली. अब्राहाम, मोशे, योसेफ यांची आख्याने साकी-दिंडीत रंगू लागली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या कीर्तनांना अर्धे पान मिळाले तरी पुष्कळ, ही आमची जुनी तक्रार आहे.

१९४८ नंतर या समाजातील बहुतेक लोक इस्रायलला गेले. त्या वेळी भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती; आज येथे काही हजार उरले आहेत. तिकडे ते पूर्ण ज्यू आहेत की नाहीत असा वाद तेथील धर्मपीठाने काढला, तो १९६४ साली मिटला. म्हणजे पनवेलला ज्यांनी ‘येणाऱ्या पिढ्यांसाठी’ दगडावर दगड ठेवला, त्यांच्या पतवंडांना स्वतःचे ज्यूपण दुसऱ्या देशात सिद्ध करावे लागले, आणि ते करीत असताना ती आपसांत मराठी बोलत होती. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. इमारत पनवेलमध्ये राहिली. बाहेर पडलेल्यांबरोबर हागादा गेला, खिरीचा सण गेला, मलिदा गेला, मराठी गेली.

येथे कोणी म्हणेल, मग इमारतीचा उपयोग काय? आमचे तसे म्हणणे नाही. ते मंदिर नसते तर शंभर वर्षे ही मंडळी जमली कुठे असती? ओसरीवर जमणारी मंडळी ओसरीच्या मालकाच्या मर्जीवर असते. हॉलचा मालक दर वर्षी वेगळा चेहरा करून बसतो हे बाईंनी सांगितलेच आहे. आमचे म्हणणे एवढेच की इमारतीचा वारस बांधणाऱ्याला नेमता येत नाही.

आणि तो वारस कधी कधी शत्रूही असतो. वसईच्या किल्ल्यात गेलेल्यांनी त्या बिनछपरांच्या चर्चांतून उगवलेली झाडे पाहिली असतील. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे आली आणि दोनशे वर्षांत त्यांनी तेथे दगडी चर्चे उभारली. जेझुइटांच्या चर्चचा पाया १५४९चा, सेंट जोसेफचा १५४६चा. नागासाकीला १५९७ साली सुळावर गेलेला गोन्सालो गार्सिया याच गावचा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि त्या चर्चांच्या घंटा मराठी सरदारांबरोबर देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर टांगलेल्या घंटेवर १७०७. ज्यांनी त्या ओतवून घेतल्या त्यांनाही येणाऱ्या पिढ्या दिसतच असणार. त्या पिढ्या कृष्णा-गोदावरीवर स्नानाला येणाऱ्या असतील हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नसेल. यात विजयाचा आनंद मानणाऱ्यांनी गोव्याची बाजूही आठवावी. सोळाव्या शतकात साष्टी-बारदेशातील देवळे पाडली गेली, मंगेश आणि शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, न्यावे लागले आणि कित्येक जागी जुन्या देवळांच्या ठिकाणी चर्चे आली. पायाचा दगड कोणाचा होता हे विचारू लागलो तर या किनाऱ्यावर फार थोड्या वास्तू सुखाने झोपतील.

पण वसईची मंडळी? ती राहिली. किल्ल्यातील छपरे कोसळली, पोर्तुगीज गेले. आणि बाहेरच्या वाड्यांतून बागाईत करणारे, सामवेदी आणि वाडवळी बोलणारे ख्रिस्ती तेथेच राहिले. त्यांनी आपली देवळे पुन्हा उभारली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच मातीतले. तेव्हा अध्यक्षपदी धर्मगुरू कसा, असा आवाज उठलाच. त्या मंडळींना वसईची चारशे वर्षे वाचायला द्यावीत असे आम्हांला तेव्हा वाटले होते, आजही वाटते.

सुकापूरच्या पत्रकाचे पुढे असे झाले की कमिटीत दोन तट पडले, आणि ते मजकुरावरून नव्हे तर भाषेवरून. कोनशिला मराठीत असावी असे बाईंसारख्या जुन्यांचे म्हणणे. तरुणांचे म्हणणे वेगळे आणि तेही खोटे नाही. येथील नव्या इमारतींत केरळचे, तामिळनाडूचे, झारखंडचे ख्रिस्ती येऊन राहिले आहेत. मंदिर झाल्यावर तेही येतील. कोनशिला इंग्रजीत, निदान दोन भाषांत हवी. त्यावर बाईंचा प्रश्न होता की त्या पाहुण्यांचे ठीक, पण आपल्या घरच्या मुलांचे काय? शब्बाथशाळेतील मुले इंग्रजी माध्यमाची. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातील गाणी ती सुरात म्हणतात, पण पुस्तक उघडत नाहीत. हॉलच्या भिंतीवर पडद्यावर तीच गाणी रोमन अक्षरांत उमटतात, ती वाचून म्हणतात. नारायण वामन टिळकांचा अभंग ‘एम’, ‘ए’, ‘जे’, ‘एच’ असा वाचताना पाहिला की आपल्या पोटात गोळा येतो, असे बाई म्हणाल्या.

टिळकांचे नाव निघाल्यावर आम्ही थोडे बाईंच्या विरोधात बोललो. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. पुढची दोनच वर्षे ते जगले. पण त्यांच्या मनातील ती मंडळी भिंतींची नव्हतीच. मग टिळकांच्या नावाने कोनशिलेचा आग्रह कसा? बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. “टिळकांचं खरं आहे,” त्या म्हणाल्या, “पण शवपेटी घेऊन पावसात उभं राहायची वेळ आली असती, तर लक्ष्मीबाईंनी त्यांना आधी छप्पर बघायला लावलं असतं.” ‘स्मृतिचित्रे’ आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो; त्यावरचा इतका नेमका अभिप्राय आमच्या कोणा विद्यार्थ्याकडून अजून आलेला नाही.

रोमन अक्षरांच्या प्रश्नावर मात्र आमच्या घरात अद्याप एकमत नाही. आमच्यापैकी एकाला बाईंचे म्हणणे तंतोतंत पटते: लिपी सुटली की पुस्तक सुटते, पुस्तक सुटले की गाण्याच्या मागचा तुकाराम सुटतो, उरतो तो नुसता ठेका. दुसरीचे म्हणणे असे की मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा मूळ ग्रंथच मुळी रोमन लिपीत छापला गेला, त्याचे काय करायचे? फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला निघाले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून ते रोमन अक्षरांत छापावे लागले. इंग्लंडात जन्मलेला हा माणूस १५७९ साली गोव्यात आला. जुनी पुराणे हातची गेली, आता आम्ही वाचायचे काय, अशी नवख्रिस्त्यांची मागणी होती आणि तिच्यापोटी हे पुराण लिहिले गेले. एका बाजूला देवळे पाडून चर्चे बांधणारे राज्य आणि त्याच राज्याच्या छायेत, लोकांची पोथी हिरावल्याची भरपाई करू पाहणारा हा एक कवी. मराठीची थोरवी गाणारे त्यातील ओवीबंध पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक आहेत. ही भरपाईची बाजू सहसा शिकवली जात नाही.

‘क्रिस्तपुराण’ १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. मग छपाई थांबली. १६८४ साली तर व्हाइसरॉयने हुकूम काढला की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. चर्चे भक्कम उभी होती; त्यांच्यात जी भाषा वाजायची तिच्यावरच बंदी आली. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण वाचले ते घरोघरी उतरवून घेतलेल्या हस्तलिखितांत, आणि त्यातलीही बरीच गोव्याबाहेर, मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांपाशी. टिपूने १७८४ साली तेथील ख्रिस्त्यांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेले तेव्हा ते पुराण म्हणून एकमेकांना धीर देत, अशी तिकडची आठवण आहे. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून ते पुन्हा छापले ते अशा हस्तलिखितांवरून, आणि तेही रोमन लिपीतच. देवनागरीतील एक जुने हस्तलिखित लंडनमध्ये सापडले आणि अभ्यासकांपुढे आले ते त्याच्याही नंतर.

“म्हणजे तीनशे वर्षं लोकांनी परक्या अक्षरांत मराठी सांभाळली,” आमच्यातील दुसरीचा युक्तिवाद. “सांभाळली, कारण ती लिहून काढली, पडद्यावर उमटून पुसली गेली नाही,” पहिल्याचे उत्तर. हा वाद रात्रीच्या जेवणापर्यंत चालला आणि भांडी घासताना पुन्हा निघाला.

बाईंना आम्ही ही हकिकत सांगितली. त्यांनी पत्रकातील ठळक ओळीतले ‘आपल्यासाठी नसून’ हे शब्द स्वतःच काढले आणि तेथे ‘आपल्यासाठी आणि’ असे घातले. कमिटीने ते मान्य केले. कोनशिलेचा निकाल अजून लागलेला नाही. जागा बिगरशेती होऊन नकाशा मंजूर व्हायलाच वर्ष जाईल असे सांगतात, तोवर त्यांना वेळ आहे. दरम्यान बाईंनी शनिवारी दुपारी हॉलची किल्ली मागून घेतली आहे आणि ‘उपासना संगीत’ समोर ठेवून त्या मुलांना देवनागरी वाचायला शिकवतात. सध्या चार मुले येतात. त्यांतील एक मुलगी मल्याळी कुटुंबातील आहे, आणि जोडाक्षरे तिलाच सर्वांत आधी आली, असे बाई सांगत होत्या.